रोड हेल्मेट कसं पारखावं: आधी डोकं, मग हवा, मग वेग

रस्त्यावर सायकल चालवताना घालायचं माझं पहिलं रोड हेल्मेट मी आकड्यांवर भाळून घेतलं. वजन कमी, आकार निमुळता, आणि माझ्या डोक्याचा घेर साईजच्या तक्त्यात अगदी मधोमध बसणारा. दुकानात दोन मिनिटं घालून आरशात पाहिलं आणि घरी आणलं. पहिल्याच लांब राइडला साधारण दीड तासाने कपाळाच्या मधोमध एक जागा ठणकायला लागली. मी मागची पकड सैल-घट्ट करणारा डायल दोन खटके सैल केला. ठणका कमी झाला, पण आता प्रत्येक खड्ड्यागणिक हेल्मेट मागे सरकू लागलं. परत आलो तेव्हा ते टाळूवर जाऊन बसलं होतं आणि कपाळ पूर्ण उघडं पडलं होतं.

त्या हेल्मेटमध्ये काही खोट नव्हती. ते गोलसर डोक्यासाठी घडवलेलं होतं आणि माझं डोकं पुढून मागे लांबट आहे. घेर सारखा असला तरी दोन डोक्यांचे आकार वेगळे असतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. नंतर स्वतःसाठी आणि बरोबर सायकल चालवणाऱ्यांसाठी मी बरीच हेल्मेटं डोक्यावर चढवून, उलटी करून, पंख्यासमोर बसून पाहिली. त्यातून हाताशी आलेली पद्धत इथे क्रमाने लिहितो आहे. क्रम मुद्दाम असा ठेवला आहे: जे हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही, ते पुढच्या पायऱ्यांपर्यंत नेऊच नका, मग ते कितीही हवेशीर असो की वेगवान.

हाताशी काय हवं

- शिंपी वापरतात तशी मऊ मापाची टेप. नसेल तर दोरा आणि पट्टी
- तुम्ही रोज वापरता तो सायकलिंगचा चष्मा
- हेल्मेटखाली टोपी किंवा कपाळपट्टी वापरत असाल तर ती
- केस लांब असतील तर राइडला बांधता तसे बांधलेले
- टेबल फॅन आणि बोटभर लांबीचा हलका दोरा
- घरच्या किचन स्केलसारखा छोटा वजनकाटा, मिळाला तर
- अर्धा-पाऊण तास. यात काटकसर करू नका

## १. उलटं करून लेबल वाचा

घालून पाहण्याआधी हेल्मेट उलटं करा. आत, बहुतेक वेळा मागच्या बाजूला किंवा पॅडखाली, एक लेबल असतं. त्यावर सुरक्षेचं मानक, साईज आणि उत्पादनाचा काळ दिसायला हवा. युरोपात ईएन १०७८, अमेरिकेत सीपीएससी, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये एएस/एनझेडएस २०६३ ही मानकं चालतात. यांपैकी एकही नसेल तर हेल्मेट खाली ठेवा. नामांकित मॉडेलची हुबेहूब नक्कल विकली जाते, आणि वरच्या रंगावरून ती ओळखू येत नाही. लेबल नसणं, फोमचे दाणे बोटाला लागून सुटणं, पट्टे नको इतके पातळ असणं, मागच्या पकडीचं प्लास्टिक सहज वाकणं, अशा खुणांवरून संशय घ्यावा.

नव्या लोकांना इथे एक प्रश्न हमखास पडतो. ईएन १०७८ च्या चाचणीत हेल्मेट घातलेलं कृत्रिम डोकं सपाट पृष्ठभागावर सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने आपटतात, म्हणजे ताशी जेमतेम १९.५ किलोमीटर. सीपीएससीत हा वेग सेकंदाला ६.२ मीटर, ताशी साधारण २२ किलोमीटर आहे. मग ताशी ३५ ने जाणाऱ्याला हे कसं पुरणार? उत्तर उंचीत आहे. सेकंदाला ५.४२ मीटर हा दीड मीटरवरून खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग आहे. सायकलवरून पडताना डोकं साधारण तेवढ्याच उंचीवरून जमिनीकडे येतं. रस्त्याच्या दिशेने असलेला वेग डोक्याला बहुतेक वेळा घासटवतो आणि फिरवतो. गाडीवर किंवा भिंतीवर थेट आदळणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी कुठलंही सायकल हेल्मेट पुरेसं आहे असं समजू नका.

तो फिरवणारा धक्का मात्र दुर्लक्षून चालत नाही. घासटताना हेल्मेट रस्त्याला पकडतं, डोकं झटक्यात वळतं आणि मेंदूला पीळ बसतो. त्यासाठीच आतल्या बाजूला सरकणारा थर देतात. यातली सर्वात प्रचलित व्यवस्था मिप्स, तिची सुरुवात स्वीडनमध्ये झाली. आदळताना आतला थर १० ते १५ मिलिमीटर सरकतो आणि फिरण्याचा जोर थोडा खाऊन टाकतो. काही कंपन्या हेच काम चुरगळणाऱ्या जाळीने किंवा फोमच्याच विशिष्ट रचनेने करतात. नावावर अडून बसू नका. अमेरिकेतलं व्हर्जिनिया टेक विद्यापीठ २०१८ पासून सायकल हेल्मेटांना तिरप्या पृष्ठभागावर आपटून स्टार रेटिंग देतं. तिथे स्टार जास्त असणं चांगलं, पण गुण मात्र जितके कमी तितकं हेल्मेट चांगलं, हे लक्षात ठेवून यादी वाचा. मी सुरुवातीला उलटं वाचत होतो.

## २. घेर मोजा, आणि आकारही

टेप भुवयांच्या साधारण दोन सेंटीमीटर वर कपाळावर ठेवा, कानांच्या वरून न्या आणि डोक्याच्या मागे हाताला लागणाऱ्या उंचवट्यावरून फिरवून आणा. टेप सगळीकडे सारख्या पातळीवर हवी. तीन वेळा मोजा आणि सर्वात मोठा आकडा धरा. मीडियम साईज अनेकदा ५५ ते ५९ सेंटीमीटरच्या आसपास असते, पण प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो. एका कंपनीत मीडियम बसलं म्हणून दुसरीतही तेच मागवलं, ही घाई नेहमी नडते.

आता आकार. कुणाला तरी तुमच्या डोक्याचा फोटो बरोबर वरून काढायला सांगा. केस ओले करून चापून बसवले तर आकार स्पष्ट दिसतो. पुढून मागे आणि डावीकडून उजवीकडे या दोन अंतरांत फरक फार असेल तर डोकं लांबट, थोडाच असेल तर गोलसर. बहुतेकांची डोकी मधल्या कुठल्यातरी जागी असतात. कंपन्या हा आकार क्वचितच छापतात, त्यामुळे खरी परीक्षा पुढच्या पायरीत होते. पण आपलं डोकं कुठल्या बाजूला झुकतं हे माहीत असलं की दुखणाऱ्या जागेचा अर्थ लगेच लागतो.

घेर दोन साईजच्या सीमेवर आला तर दोन्ही घालून पाहा. लहान साईजचा डायल पूर्ण उघडा ठेवावा लागत असेल, तर ती तुमची नाही. मोठ्या साईजमध्ये डायल शेवटपर्यंत आवळावा लागत असेल, तर तीही नाही.

## ३. पट्टे न लावता बसवून पाहा

सर्वात जास्त वेळ इथे द्या. सगळ्या चुका इथेच होतात.

डायल पूर्ण सैल करा आणि हेल्मेट सरळ, आडव्या पातळीत डोक्यावर ठेवा. पुढची कड भुवयांच्या वर एक ते दोन बोटं यायला हवी. वर नजर टाकल्यावर कडेची किनार जेमतेम दिसावी. ती दिसतच नसेल तर हेल्मेट मागे बसलं आहे. पन्नास सायकलस्वारांच्या गटात उभं राहून पाहिलं तर ही चूक सर्वात जास्त दिसते: उघडं कपाळ आणि मागे झुकलेलं हेल्मेट. पडताना सहसा पुढचा आणि बाजूचा भाग आधी आपटतो, म्हणून ते दोन बोटांचं अंतर मी फार आग्रहाने सांगतो.

डायल अजून आवळू नका. नुसत्या फोमचा आणि पॅडचा स्पर्श कुठे होतो आहे ते जाणवू द्या. डोळे मिटलेत तर जास्त कळेल. योग्य हेल्मेट डोक्याभोवती सगळीकडे सारखं लागतं, एखाद्या वाटीत फळ नीट बसावं तसं. मग खालच्या खुणा तपासा:

- कपाळाच्या मधोमध आणि मागे दाब, बाजूंना मात्र बोट जाईल एवढी पोकळी: हेल्मेट गोल, डोकं लांबट.
- कानशिलांवर दाब, पुढे-मागे सैल: हेल्मेट लांबट, डोकं गोलसर.
- टाळूवर कुठेच स्पर्श नाही आणि हेल्मेट उंच तरंगल्यासारखं वाटतं: साईज लहान, डोकं आत पूर्ण शिरलेलंच नाही.
- कुठेच दाब नाही पण डोकं हलवलं की हेल्मेट उशिराने हलतं: साईज मोठी.

पहिल्या तिन्ही बाबतींत पुढे जाऊ नका, दुसरं मॉडेल किंवा दुसरी साईज मागा. “वापरून वापरून सैल होईल” असा सल्ला मिळतो. पॅड थोडे दबतात हे खरं, पण आतला फोम म्हणजे विस्तारित पॉलिस्टायरीन, आणि तो फक्त धक्का बसल्यावर चिरडला जाण्यासाठी असतो. तुमच्या डोक्याच्या आकारात तो कधीच वळत नाही. जाड पॅड घालून पोकळी भरणं हाही उपाय नाही. आणि फोम खरवडून जागा करणं तर अजिबात करू नका. काढलेला प्रत्येक मिलिमीटर धक्का शोषण्यासाठी ठेवलेला होता.

आता डायल आवळा. मागची पकड डोक्यामागच्या त्या उंचवट्याच्या खाली यायला हवी, वर नाही. उंचवट्यावर बसली तर ती डोंगरावरून घसरावी तशी वर सरकते. बहुतेक हेल्मेटांत ही पकड उभ्या दिशेने तीन-चार खाचांत वर-खाली करता येते, आणि गंमत म्हणजे बहुतेक जण ती कारखान्यातून आली तशीच ठेवतात. ती खाली करून पाहा. मघाशी नापास वाटलेलं हेल्मेट एका खाचेच्या फरकाने पास झालेलं मी पाहिलं आहे.

मग खाली वाका, डोकं जमिनीकडे करा आणि पट्टे न लावता हळूच हलवा. हेल्मेट जागेवर राहायला हवं. पुढच्या कडेखाली तळवा लावून वर-मागे ढकला. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर सरकायला हवी, हेल्मेट कातडीवरून घसरायला नको.

सरकणारा थर असलेल्या हेल्मेटमध्ये वरचं कवच धरून थोडं फिरवा. आतला थर डोक्याबरोबर राहून किंचित सरकतो, हे बरोबर आहे. पण हा थर काही मॉडेल्समध्ये आतली जागा जराशी कमी करतो. म्हणून एकाच नावाच्या हेल्मेटची साधी आवृत्ती बसली तरी थर असलेली आवृत्ती पुन्हा घालून पाहा. लांब केस त्याच्या फटीत अडकतात का तेही आत्ताच बघा.

## ४. पट्टे आणि बक्कल

कानाच्या पुढचा आणि मागचा पट्टा जिथे एकत्र येतात ती चिमटी कानाच्या पाळीच्या लगेच खाली हवी, दोन्ही बाजूंना सारखी. ती खाली लोंबत असेल तर मागचा पट्टा सैल राहतो आणि हेल्मेट पुढे लोटलं जातं. काही हलक्या हेल्मेटांत ही चिमटी शिवलेली असते, सरकवता येत नाही. अशा वेळी ती तुमच्या कानाखाली मुळातच बरोबर येते आहे ना, हे पाहूनच घ्या.

बक्कल लावल्यावर हनुवटीखाली एखादं बोट मावावं. तोंड मोठं उघडलं की हेल्मेट टाळूवर किंचित खाली ओढलं गेलं पाहिजे. हे झालं की पट्ट्याची उरलेली शेपटी रबरी कड्यात अडकवा, नाहीतर उतारावर ती गालावर फडफडत राहते. चुंबकाची बक्कल एका हाताने लागते, थंडीत हातमोजे असताना त्याचा खूप उपयोग होतो. पण साध्या बक्कलवरून हेल्मेट नाकारण्याइतकं ते कारण नाही.

## ५. वीस मिनिटं, सायकलवर बसल्यासारखं

उभं राहून बरोबर वाटणारं हेल्मेट ड्रॉप्सवर, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागावर, हात ठेवून वाकल्यावर वेगळं वागतं. शक्य असेल तर ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवण्याच्या स्टँडवर) लावलेल्या सायकलवर बसा. नसेल तर टेबलाच्या कडेला कोपरं टेकवून पुढे वाका आणि रस्ता पाहावा तशी नजर वर करा. दोन गोष्टी दिसतील. पुढची कड नजरेच्या आड येते का? आणि मागची पकड मानेच्या घडीला टोचते का? मागे लांब शेपटी असलेल्या हेल्मेटांत ती वर पाहताना पाठीला किंवा जर्सीच्या कॉलरला लागते.

चष्मा आत्ताच घाला. चष्म्याच्या काड्या मागच्या पकडीच्या पट्टीवर आपटत असतील तर दर काही मिनिटांनी चष्मा नाकावरून खाली येईल. काड्या पट्ट्यांच्या बाहेरून घालून पाहा. तरी जमत नसेल तर दोघांपैकी एक बदलावंच लागेल. चष्मा काढून पुढच्या छिद्रांत खोचता येतो का, हेही बघून घ्या. लांब चढावर त्याची गरज पडते.

एवढं करून वीस मिनिटं हेल्मेट काढू नका. दुकानात संकोच वाटतो, पण माझी ठणकणारी जागा दोन मिनिटांत बोललीच नव्हती. काढल्यावर आरशात पाहा. कपाळावर सरळ, सारखी, फिकट पट्टी उमटली असेल तर उत्तम. एकाच ठिकाणी लाल ठिपका असेल तर तो ठिपका राइडवर दुखणार.

ऑनलाइन मागवत असाल तर हीच चाचणी घरी करा, पण परतीचे नियम आधी वाचा आणि लेबलं, पिशवी, खोका जपून ठेवा. या अवस्थेत हेल्मेट घालून सायकलवर बाहेर जाऊ नका. घामाचा डाग पडला की परतीचा प्रश्न मिटला.

## ६. हवा: छिद्रं मोजू नका, वाट शोधा

इथपर्यंत दोन किंवा तीन हेल्मेटं उरली असतील. आता हवेकडे या.

पेडल मारताना शरीर खर्च करतं त्या ऊर्जेतली साधारण पाव भागापेक्षाही कमी पेडलपर्यंत पोचते, बाकीची उष्णता होते. म्हणजे तुम्ही २०० वॉटने चढत असाल तर शरीराला ६०० वॉटहून जास्त उष्णता बाहेर टाकायची असते. सपाटीवर ताशी ३० च्या वेगाने वारा सेकंदाला आठ मीटरहून जास्त मिळतो. ताशी १० च्या चढावर तोच जेमतेम तीन मीटर होतो. उष्णता सर्वात जास्त आणि वारा सर्वात कमी, हे दोन्ही एकाच वेळी घडतं. म्हणून हेल्मेटच्या हवेची परीक्षा चढावरच्या वेगाला करायची.

हा त्रास किती खरा आहे, याची साक्ष शर्यतींच्या नियमांतच आहे. २००३ च्या पॅरिस–नीस शर्यतीत पडून सायकलपटू आंद्रेई किविलेव यांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेने व्यावसायिक रोड शर्यतींत हेल्मेट सक्तीचं केलं. तरीही सुरुवातीला अखेरच्या लांब चढावर ते काढायची मुभा ठेवावी लागली होती. ती सूट नंतर बंद झाली, आणि चढावर डोक्यावर ठेवता येतील अशी हेल्मेटं बनवणं भाग पडलं.

हवा कशी वाहते ते समजलं की हेल्मेट हातात घेऊनच बराच अंदाज येतो. पुढच्या छिद्रांवर वाऱ्याचा दाब असतो, मागे दाब कमी असतो. त्या फरकामुळे हवा आत शिरून मागून निघते, पण मध्ये वाट असेल तरच. ही वाट म्हणजे फोमच्या आतल्या बाजूला कोरलेल्या खोल नाल्या. अठरा छिद्रं आणि उथळ नाल्या असलेल्या हेल्मेटपेक्षा दहा छिद्रं आणि खोल नाल्या असलेलं हेल्मेट डोकं जास्त थंड ठेवू शकतं.

हे असं तपासा:

- हेल्मेट उलटं धरून पुढच्या छिद्रात बोट घाला आणि नालीतून मागच्या छिद्रापर्यंत न्या. मध्ये फोमची भिंत लागली तर ती वाट बंद आहे.
- उजेडाकडे धरून पाहा. आतल्या सरकणाऱ्या थराची छिद्रं कवचाच्या छिद्रांवर बरोबर येतात का? अर्धी झाकली जात असतील तर तेवढी हवा गेली.
- घालून बघताना कपाळाच्या पॅडच्या वर थोडी मोकळी जागा आहे का? तिथून शिरणारी हवा सर्वात जास्त जाणवते.
- मागच्या बाजूला मोठी, उघडी तोंडं आहेत का? आत शिरलेली हवा निघालीच नाही तर नवी येणार कुठून!

मग टेबल फॅन. हातभर अंतरावर लावा, हेल्मेट घाला आणि केस थोडे ओले करा. आधी सरळ बसून, मग ड्रॉप्सवर असल्यासारखं डोकं खाली करून वारा घ्या. डोकं झुकलं की पुढची छिद्रं रस्त्याकडे तोंड करतात आणि वरची छिद्रं समोर येतात. काही हेल्मेटं एका स्थितीत गार आणि दुसऱ्या स्थितीत कोंदट असतात. कुणीतरी मागच्या तोंडाजवळ दोरा धरला तर तो बाहेरच्या दिशेला उडतो की नुसता लोंबतो, ते लगेच दिसतं. प्रयोगशाळेची अचूकता यात नाही, पण दोन हेल्मेटांची तुलना चांगली होते. पंखा, अंतर आणि गती मात्र सारखी ठेवा.

घामाचंही बघा. कपाळाचा पॅड भरला की घाम टपकतो तो डोळ्यांत. पॅड रुंद आहे का, काढून धुता येतो का, सुटा विकत मिळतो का, हे विचारा. कधीकधी पॅडला सिलिकॉनची पन्हाळ असते, ती घाम कानशिलांकडे वळवते. ज्यांना घाम खूप येतो त्यांनी ही सोय जरूर पाहावी.

## ७. एरो: आधी स्वतःचा वेग लिहून काढा

एरो म्हणजे वारा कमी अडावा अशा आकाराचं हेल्मेट. त्याच्या खोक्यावर “ताशी ५० ला इतके वॉट वाचतात” असं लिहिलेलं असतं. आकडा खोटा नसेलही, पण तो तुमच्या वेगाचा नाही. हवेचा अडथळा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. म्हणून ताशी ५० ला वाचणारे १० वॉट ताशी ३० ला सुमारे २.२ वॉट उरतात, आणि ताशी १० च्या चढावर जवळपास शून्य. छापील आकडा बघितला की तुमचा वेग भागिले त्यांचा वेग, आलेल्या आकड्याचा घन, आणि त्याने गुणाकार. एवढं गणित दुकानात फोनवर होतं.

पण इथे एक बारकावा आहे, आणि तो सांगितला नाही तर चित्र अर्धवट राहील. हळू जाणारा रस्त्यावर जास्त वेळ असतो. समजा हेल्मेट बदलल्याने तुमचा एकूण हवेचा अडथळा १ टक्क्याने कमी झाला. ताशी ३० ने १०० किलोमीटर सपाट रस्ता करायला २०० मिनिटं लागतात, आणि त्यात साधारण अर्धा मिनिट वाचेल. वेगवान स्वाराची सेकंदं उलट याहून कमी वाचतील. म्हणजे एरो फक्त शर्यतवाल्यांसाठी असं नाही. प्रश्न एवढाच की शंभर किलोमीटरमधलं ते अर्धं मिनिट तुम्हाला कशाच्या बदल्यात हवं आहे. कोंदट डोक्याच्या बदल्यात मला नको. टाइम ट्रायल (एकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत) किंवा ट्रायथलॉन करणाऱ्याला ते नक्की हवं असेल, आणि ते योग्यच आहे.

एरोचं नाव निघालं की १९८९ च्या टूर द फ्रान्सची आठवण निघते. व्हर्साय ते पॅरिस अशा २४.५ किलोमीटरच्या शेवटच्या टाइम ट्रायलमध्ये एरो हेल्मेट घातलेल्या ग्रेग लेमाँडने बोडक्या डोक्याच्या, केसांची शेपटी बांधलेल्या लॉराँ फिन्याँला मागे टाकलं आणि पूर्ण शर्यत ८ सेकंदांनी जिंकली. त्या दिवशी लेमाँडच्या हँडलला ट्रायथलॉनचे एरोबार (कोपरं टेकवून हात पुढे धरायचे दांडे) होते आणि फिन्याँच्या नव्हते, हेही त्याच गोष्टीत सांगायला हवं. बसण्याची पद्धत हेल्मेटपेक्षा कितीतरी जास्त वेळ वाचवते. कोपरं वाकवून, पाठ खाली आणून तासभर चालवता येत नसेल तर आधी तिकडे लक्ष द्या.

हेल्मेट हातात घेऊन काय बघायचं? समोरून पाहिल्यावर ते डोक्यापेक्षा किती रुंद दिसतं ते बघा. लहान कवच सहसा फायद्याचं. बाजूंना पृष्ठभाग गुळगुळीत आहे का, मागचा भाग मानेकडे हळूहळू उतरतो की अचानक तुटतो? मग वाकलेल्या स्थितीत कुणाला तरी बाजूने तुमचा फोटो काढायला सांगा. हेल्मेटची मागची कड आणि तुमची पाठ यांच्यामध्ये मोठी दरी नसावी. लांब शेपटीचं हेल्मेट पाठीला टेकलं तरच उपयोगी पडतं. दमल्यावर मान खाली घालायची सवय असेल तर ती शेपटी वर हवेत उभी राहते आणि उलट वारा अडवते. सवय ओळखायला राइडच्या शेवटच्या तासातला फोटो बघा, पहिल्या दहा मिनिटांतला नको.

घरी एरो मोजायचा मोह होतो. उतारावर पेडल न मारता सायकल सोडून दोन हेल्मेटांनी वेग तपासणं मीही करून पाहिलं. वाऱ्याची एक झुळूक, शेजारून गेलेली एक गाडी, खांद्याची थोडी वेगळी ठेवण, यातल्या कशानेही येणारा फरक हेल्मेटच्या फरकाहून मोठा असतो. पॉवर मीटर (पेडलवर लागणारी शक्ती मोजणारं यंत्र), वारा नसलेली पहाट आणि अनेक फेऱ्या यांशिवाय त्यातून काही ठरवू नका. कानाजवळ वाऱ्याचा आवाज कमी येतो म्हणून हेल्मेट एरो आहे, हा निष्कर्षही चुकीचा आहे. तो आवाज बहुतेक पट्ट्यांचा आणि कानांचा असतो.

## ८. शेवटची निवड

एका कागदावर तुमच्या नेहमीच्या आठवड्यातले तास लिहा: चढ किती, सपाटी किती, गटात किती, एकट्याने वाऱ्यात किती. गटात दुसऱ्याच्या मागे असताना एरोचा फायदा बराच घटतो. चढ आणि उकाडा जास्त असेल तर हवेशीर हेल्मेट घ्या. एकट्याने सपाटीवर वेगात जात असाल तर एरोकडे झुका. दोन्ही थोडं थोडं असेल, आणि नव्यांचं बहुतेक तसंच असतं, तर पुढे मोठी छिद्रं आणि बाजू-मागे बंद, गुळगुळीत अशी मधली हेल्मेटं मिळतात. माझा कल त्यांच्याकडे आहे.

वजनावर फार अडू नका. रोड हेल्मेटं साधारण २०० ते ३०० ग्रॅमची असतात. नीट बसलेलं २८० ग्रॅम चार तासांनी जाणवत नाही, नीट न बसलेलं २१० ग्रॅम तासाभरात जाणवतं. वजन करायचंच तर तुमच्याच साईजचं करा, कारण जाहिरातीतला आकडा अनेकदा वेगळ्या साईजचा असतो.

## ९. घेतल्यावर

पहिल्या तीन-चार राइड छोट्या ठेवा आणि डायल, पकडीची खाच, पट्ट्यांची चिमटी थोडी थोडी सुधारत जा. हिवाळ्यात टोपी घातली की डायल सैल करावा लागतो आणि ती काढल्यावर पुन्हा आवळायचा राहून जातो, हे लक्षात असू द्या. धुवायला कोमट पाणी आणि सौम्य साबण एवढंच वापरा. पेट्रोल, थिनर किंवा तिखट क्लीनर फोम आणि कवच खराब करतात, तेही वरून न दिसता. उन्हात उभ्या गाडीच्या काचेखाली हेल्मेट ठेवू नका. कवच फोमपासून सुटून फुगे आले तर ते उष्णतेचं काम आहे आणि ते हेल्मेट बाद समजा.

उत्पादनाची तारीख लेबलवर असतेच, विकत घेतल्याची तारीख आत पॅडखाली कागदावर लिहून ठेवा. नियमित वापरात अनेक कंपन्या तीन ते पाच वर्षांत बदलायला सांगतात. पण एकदा डोकं आपटलं तर वर्ष मोजत बसू नका. फोम एकदाच चिरडला जातो. वरचं कवच अखंड दिसलं तरी आत तडा असू शकतो, आणि पुढच्या वेळी त्या जागी शोषायला काही उरलेलं नसतं. काही कंपन्या अपघातानंतर ठरावीक काळात सवलतीत नवं हेल्मेट देतात, म्हणून पावती सांभाळा आणि फोटो काढून ठेवा. मग जुनं फेकण्याआधी त्याचे पट्टे कात्रीने कापून टाका, म्हणजे कचऱ्यातून उचलून दुसरं कुणी ते डोक्यावर घालणार नाही.